भाताला थंडी कुठे लागते आणि ती कशी रोखायची

रात्रीचे तापमान १५ अंशांवर उतरले तर भाताचे काय होईल, याला एकच उत्तर नाही. बुंध्यातून फुटवे फुटायच्या काळात पीक चार दिवस पिवळसर दिसेल आणि सावरेल. तीच थंडी पोटरीच्या दिवसांत, म्हणजे लोंबी खोडाच्या आत घडत असताना, आठवडाभर टिकली आणि दिवसाही ऊब नसली, तर पाने हिरवीगार राहतील, लोंब्या बाहेर पडतील आणि कापणीला बरेचसे दाणे पळींज, म्हणजे पोकळ, निघतील. नवखा माणूस पाने बघून थंडीचा अंदाज बांधतो आणि तिथेच फसतो. सर्वांत महागात पडणारे नुकसान पानांवर दिसतच नाही.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करू. भाताला थंडी लागायला दव गोठावे लागत नाही. भात मूळचा उष्ण प्रदेशातला. त्याचे बहुतेक नुकसान १० ते २० अंशांच्या पट्ट्यात होते, जिथे गहू मजेत वाढत असतो. तेल थंडीत थिजते तसे पेशींच्या पातळ आवरणातले स्निग्ध पदार्थ घट्ट होतात, आवरणातून क्षार पाझरू लागतात, मुळे पाणी ओढेनाशी होतात. पुढचे सगळे परिणाम इथूनच सुरू होतात.

या लेखातले सर्व आकडे सेल्सियसमध्ये आहेत. ‘सरासरी’ म्हणजे दिवसाचे कमाल आणि किमान तापमान मिळवून दोनाने भागलेला आकडा.

पायरी १ : आधी वाढीचा कोंब शोधा, मग तापमापी लावा

भाताचे एखादे रोप उपटून बुंध्याशी उभे चिरून पाहा. मधोमध, मातीच्या पातळीजवळ, एक बारीक पांढुरका कोंब दिसेल. नवी पाने आणि पुढे लोंबी तिथूनच निघते. उगवणीपासून लोंबीचा अंकुर धरेपर्यंत हा कोंब पाण्याखाली असतो. म्हणून या काळात रोपाला जाणवते ते पाण्याचे तापमान. खोडाची पेरी लांबू लागली की कोवळी लोंबी वर सरकते, पाण्याबाहेर येते, आणि मग हवेचे तापमान महत्त्वाचे ठरते.

एवढी एक गोष्ट नीट समजली की बाकीचे उपाय आपोआप सुचतात. पीक लहान असताना पाणी उबदार ठेवायचे. लोंबी वर सरकू लागली की पाण्याची पातळीही तिच्यामागून वर न्यायची.

त्यासाठी कमाल-किमान तापमान टिपणाऱ्या तापमापी किमान तीन हव्यात. दोन पाण्यात, मातीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर : एक पाणी शिरते त्या तोंडाशी, दुसरी खाचराच्या शेवटच्या कोपऱ्यात. तिसरी पिकाच्या उंचीवर, उन्हाचा थेट मारा बसणार नाही अशा आडोशाला. रोज सकाळी एकाच वेळी आकडे वहीत लिहा. हवामान केंद्राचा आकडा शेजारी लिहायला हरकत नाही, पण तो तुमच्या खाचराचा नव्हे. सखल जागेत रात्री गार हवा साचते आणि केंद्राच्या नोंदीपेक्षा दोन-तीन अंशांनी तापमान कमी असू शकते.

कोणत्या अवस्थेला किती थंडी सोसते, याचा ढोबळ हिशेब असा :

- बी उगवणे : १० अंशांखाली जवळपास थांबते, २० ते ३५ उत्तम
- रोप स्थिरावणे : १२-१३ च्या खाली अडते, २५ ते ३० उत्तम
- लावणीनंतर मुळे धरणे : १६ च्या खाली मंदावते, २५ ते २८ उत्तम
- फुटवे : जातीनुसार ९ ते १६ च्या खाली थांबतात, २५ ते ३१ उत्तम
- लोंबीची घडण : १५ ते २० च्या खाली धोका
- फुलोरा : २२ च्या खाली अडचण, ३० ते ३३ उत्तम
- दाणे भरणे : १२ ते १८ च्या खाली थांबते, २० ते २५ उत्तम

यादी पुन्हा वाचा. रोप मोठे होत जाते तशी त्याची थंडी सोसण्याची ताकद वाढत जाते, असे वाटत असेल तर इथे उलटेच दिसेल. फुलोऱ्याला उगवणीपेक्षा बारा अंश जास्त ऊब लागते.

पायरी २ : पेरणीची तारीख उलट्या बाजूने काढा

थंडीवरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नाजूक दिवस थंडीत न येऊ देणे. त्यासाठी मागच्या दहा-पंधरा वर्षांचे रोजचे तापमान मिळवा आणि दोन प्रश्न विचारा.

हंगामाच्या शेवटी थंडी येणारा प्रदेश असेल, तर लोंब्या निसवल्यानंतरच्या, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या, ४० दिवसांची सरासरी निदान २० अंश राहते का? दाणा पक्का व्हायला निसव्यापासून रोजच्या सरासरी तापमानांची बेरीज साधारण १००० अंश भरावी लागते. सरासरी २५ असेल तर ४० दिवस, २० असेल तर ५० दिवस. या बेरजेवरून निसव्याची शेवटची सुरक्षित तारीख काढा आणि तिथून जातीच्या कालावधीइतके मागे या.

हंगामाच्या सुरुवातीला थंडी असेल, तर पोटरीचे दिवस सरासरी २० अंशांच्या वर सरकल्यावरच येतात का? इथे घाई अंगाशी येते. बांगलादेशातल्या हाओर या खोलगट पाणथळ प्रदेशात एप्रिलमधल्या अचानक येणाऱ्या पुराआधी पीक घरी यावे म्हणून बोरो म्हणजे हिवाळी हंगामातल्या भाताची कमी दिवसांची जात लवकर पेरतात. मग तिची लोंबी ऐन हिवाळ्यात पोटात घडते आणि पोकळ निघते. पूर चुकवायला जावे तर थंडी गाठते. अशा ठिकाणी लवकर पेरायचे असेल तर जास्त कालावधीची जात आणि उशिरा पेरायचे असेल तर कमी कालावधीची, हा ताळमेळ बघावा लागतो.

तारीख काढताना थंडीत पीक रेंगाळते हेही धरा. लोंबीचा अंकुर धरण्याआधी भाताला नवे पान काढायला सुमारे १०० अंशांची बेरीज लागते. म्हणजे २५ अंशांना दर चार दिवसांनी एक पान, २० अंशांना दर पाच दिवसांनी. हा फरक दहा-बारा पानांवर पसरला की पीक दहा-बारा दिवसांनी मागे पडते. पाकिटावर लिहिलेला १२० दिवसांचा कालावधी उबदार हवेतला आहे, हे विसरू नका.

पायरी ३ : जात निवडताना दोन वेगळे प्रश्न

ढोबळमानाने जपोनिका गटातल्या आखूड, जाड दाण्याच्या जाती थंडीला काटक आणि इंडिका गटातल्या बहुतेक जाती नाजूक. दक्षिण कोरियाने इंडिका-जपोनिका संकरातून केलेली तोंगिल जात १९७० च्या दशकात भरघोस पिकली. १९८० च्या गार उन्हाळ्यात मात्र देशाचे तांदळाचे उत्पादन सुमारे एक तृतीयांशाने घसरले, आणि तोंगिल प्रकारच्या जातींना त्याचा मोठा फटका बसला.

पण ‘थंडी सोसणारी जात’ एवढे ऐकून बियाणे घेऊ नका. रोपावस्थेत थंडी सोसणे आणि पोटरीत थंडी सोसणे हे दोन स्वतंत्र गुण आहेत, त्यांची जनुके बरीचशी निराळी आहेत. रोपवाटिकेत ताठ उभी राहिलेली जात पोटरीत कोलमडू शकते. तुमच्याकडे थंडी कोणत्या अवस्थेला गाठते ते पायरी २ मध्ये कळलेच. त्या अवस्थेबद्दलच विचारा.

जपानमध्ये १९९३ साली हे लख्ख दिसले. ओखोत्स्क समुद्राकडून येणारा ‘यामासे’ हा गार, ढगाळ वारा ईशान्य किनाऱ्यावर ठाण मांडून बसला. देशभराचा भाताचा पीक निर्देशांक, जो सामान्य वर्षी १०० धरतात, ७४ वर आला आणि जपानला तांदूळ आयात करावा लागला. त्या वर्षी चवीसाठी नावाजलेली पण पोटरीत नाजूक असलेली सासानिशिकी ही जात पार झोपली, तर १९९१ मध्ये आलेली हितोमेबोरे तिच्यापेक्षा खूपच तगली. त्यानंतर शेतकऱ्यांनी झपाट्याने जात बदलली.

पायरी ४ : बियाणे आणि मोड

गार पाण्यात बी भिजवताना सोपा नियम : पाण्याचे तापमान गुणिले दिवस, साधारण १००. पाणी १२ अंश असेल तर आठ दिवस, १५ असेल तर साडेसहा-सात. दर एक-दोन दिवसांनी पाणी बदला. १० अंशांखालच्या पाण्यात भिजवू नका. विशेषतः पहिल्या दिवशीच बियाण्याला गारठा बसला तर उगवण लांबते आणि पुढे-मागे होते. पाणी कोमट, २५-३० अंशांचे असेल तर हा गुणाकार सोडा. एक-दीड दिवस पुरतो.

भिजलेले बी निथळून ३० ते ३२ अंशांत २०-२४ तास दडपून ठेवा. मोड १ ते २ मिलिमीटर, जेमतेम टोक फुटलेले, एवढाच हवा. लांब मोड पेरताना मोडतात, आणि गार वाफ्यात त्या जखमेतून बुरशी शिरते. थंडीत पेरलेले बी मेले की दोष बहुतेकदा थंडीवर जातो. खरे काम पिथियमसारख्या बुरशीने केलेले असते. बी हळू उगवते, बुरशीला वेळ मिळतो. म्हणून गार हंगामात बीजप्रक्रिया टाळू नका.

पायरी ५ : रोपवाटिका

रोपांवर थंडीची खूण तीन प्रकारे दिसते. पहिली, सरसकट पिवळेपणा, कारण गारठ्यात हरितद्रव्य बनत नाही. दुसरी, पानावर आडवा पांढरा पट्टा. अनेक रोपांवर तो जवळपास सारख्याच उंचीवर असतो. पानाचा तेवढा भाग गार रात्री देठाच्या आत कोवळा होता, हे त्यावरून कळते. तिसरी खूण लोकांना चकवते : गारठा संपून पहिले स्वच्छ ऊन पडते त्या दिवशी रोपे गुंडाळून सुकतात. ऊन पानांतले पाणी उडवते, पण मुळे अजून गार चिखलात असतात आणि पुरवठा करू शकत नाहीत. हे ऊन लागणे नव्हे, थंडीच आहे.

काय करायचे ते असे. वाफ्यावर कमानी रोवून पारदर्शक प्लास्टिक ताणा. कागद पानांना टेकता कामा नये. टेकलेल्या जागी पान करपते. दुपार कलताना, ऊन असतानाच झाका, म्हणजे दिवसाची ऊब आत कोंडली जाईल. सूर्य बुडाल्यावर झाकणे म्हणजे गार हवाच जपून ठेवणे. सकाळी आतले तापमान २५ च्या वर जाऊ लागले की टोके उघडा. ३५ च्या वर गेले तर रोपे भाजतात. दिवसभर धुके असेल तर झाकलेलेच राहू द्या.

पाण्याचे वेळापत्रक ऊब बघून ठरवा. जमिनीखालच्या पाण्याचे तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीजवळ असते, म्हणून हिवाळ्यात ते पाटाच्या पाण्यापेक्षा उबदार असते. अशा विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी संध्याकाळी वाफ्यात ३ ते ५ सेंटिमीटर भरा, रात्रभर राहू द्या, आणि सकाळी गार झालेले पाणी काढून पुन्हा ताजे द्या. पानांवरचे दव सकाळी दोरी किंवा काठी फिरवून झटकून टाका.

पिवळी रोपे दिसली की हात आपोआप युरियाकडे जातो. थांबा. गारठलेली मुळे नत्र उचलत नाहीत, आणि उचलले तरी लुसलुशीत रोप पुढच्या गार रात्री आधी झोपते. ऊन परतल्यावर आठवडाभर वाट पाहा. तरी पिवळेपणा गेला नाही तर दर चौरस मीटरला ७ ग्रॅम युरिया द्या. त्यानेही हिरवेपणा आला नाही तर गंधकाची उणीव असू शकते, तेव्हा चौरस मीटरला १० ग्रॅम जिप्सम.

रोप मेले की जिवंत आहे, हे मधले पान सांगते. हलके ओढा. सहज सुटून हातात आले आणि बुंधा तपकिरी, कुजका असेल तर आशा सोडा. मधले पान घट्ट आणि मुळांची टोके पांढरी असतील, तर बाहेरची पाने वाळलेली असली तरी पाच-सात उबदार दिवसांत नवे पान येते. मोडून काढायची घाई अनेकदा थंडीपेक्षा जास्त नुकसान करते.

पायरी ६ : लावणी आणि पाण्याचे तोंड

दोन-तीन पानांचे कोवळे रोप, ज्याच्या बियात अजून थोडे अन्न शिल्लक आहे, सरासरी १२-१३ अंशांना मूळ धरू शकते. चार-पाच पानांच्या रोपाची ही शिदोरी संपलेली असते. त्याला आणखी दोन-तीन अंश ऊब हवी. अंदाजात पुढचे तीन-चार दिवस गार आणि वाऱ्याचे दिसत असतील तर लावणी पुढे ढकला. उपटलेल्या रोपाची मुळे तुटलेली असतात आणि गार वारा पानांतले पाणी ओढत राहतो. दोन्ही एकदम झेपत नाही. लावणीनंतरचे काही दिवस पाणी रोपाच्या निम्म्या उंचीपर्यंत ठेवा, ते पांघरुणाचे काम करते. मुळे धरली की पाणी ३-४ सेंटिमीटरवर आणा. पातळ थर दिवसा लवकर तापतो आणि फुटव्यांना हीच ऊब हवी असते.

स्फुरद लावणीवेळीच, मुळांजवळ द्या. गार जमिनीत तो रोपाला फार कमी मिळतो आणि फुटवे अडतात. जस्ताचेही तसेच, गार, पाणी साचलेल्या जमिनीत त्याची उणीव जास्त जाणवते.

आता पाण्याचे तोंड. धरणाच्या तळातून, बर्फाच्या ओढ्यातून किंवा उन्हाळ्यात खोल विहिरीतून येणारे पाणी खाचरात शिरते तिथे पिकाचा एक पंख्यासारखा तुकडा खुरटा, गर्द हिरवा आणि उशिरा निसवणारा दिसतो. लोक तिथे खत कमी पडले समजून आणखी टाकतात. तापमापी लावा, तोंडाशी आणि शेवटच्या कोपऱ्यात पाच-सहा अंशांचा फरक सापडला तर खताचा काही संबंध नाही.

यावर उपाय : पाणी रात्री उशिरा किंवा पहाटे द्या आणि दिवसभर तोंड बंद ठेवा. दिवसा उन्हाने खाचर तापत असताना गार पाणी सोडत राहिलात तर मिळणारी सगळी ऊब वाहून जाते. एका बाजूने पाणी आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, ही सततच्या वाहत्या पाण्याची सवय गार पाण्याच्या भागात सर्वांत घातक. जागा असेल तर खाचराआधी उथळ तापवणीचा हौद करा किंवा पाट वळणावळणाचा, रुंद आणि उथळ ठेवा. बांधाची गळती बुजवणे हाही ऊब राखायचाच उपाय, कारण जितके पाणी गळेल तितके नवे गार पाणी घ्यावे लागते.

पायरी ७ : पोटरी, म्हणजे खरी परीक्षा

निसव्याच्या साधारण १०-१२ दिवस आधी कोवळ्या फुलांमध्ये परागकण घडत असतात. एका पेशीपासून चार कोवळे कण तयार होतात आणि एकमेकांपासून सुटतात, तो क्षण थंडीला सर्वांत नाजूक. १९६० च्या दशकाच्या शेवटी उत्तर जपानच्या होक्काइदो बेटावरच्या संशोधकांनी पिके नियंत्रित खोल्यांत ठेवून हे नेमके शोधून काढले.

परागकोषाच्या आतल्या भिंतीला पेशींचा एक थर असतो, तो वाढत्या परागकणांना साखर भरवतो. थंडीत हा थर फुगतो, बिघडतो. साखर कोषात असते पण कणांपर्यंत पोचत नाही, त्यांच्यात पिष्ट साठत नाही आणि ते पोकळ राहतात. भाताच्या फुलात ६ परागकोष असतात. ते पुढे नीट उघडतही नाहीत. स्त्रीकेसराला मात्र फारसे काही झालेले नसते. अशा फुलावर निरोगी रोपाचे पराग टाकले तर दाणा धरतो. म्हणजे वांझपणा सगळा परागाच्या बाजूचा.

किती थंडी पुरते? काटक जातींना १५ ते १७ अंश, नाजूक जातींना १७ ते १९ अंशांखाली धोका सुरू होतो. पण कालावधी तितकाच महत्त्वाचा : १२ अंश दोनच दिवस राहिले तर वांझपणा येत नाही, सहा दिवस राहिले तर जवळपास सगळी फुले वांझ होऊ शकतात. रात्र १३ पण दुपार २८, अशी हवा असेल तर पीक बरेचसे निभावते. दिवस-रात्र १६-१७ वर अडकलेले ढगाळ, रिमझिम हवामान जास्त भीतीदायक. म्हणून केवळ किमान तापमान पाहून घाबरू नका आणि केवळ ते पाहून निर्धास्तही राहू नका.

हिशेबासाठी रोजची सरासरी २० मधून वजा करा आणि बेरीज करत जा. पाच दिवसांची सरासरी १८, १७, १६, १७, १९ असेल तर २+३+४+३+१, म्हणजे १३. चार दिवस १४ असेल तर २४. २० च्या वरचे दिवस शून्य धरा. कोणत्या बेरजेला किती पळींज, हे जातीवर ठरते. दोन-तीन हंगाम स्वतःची नोंद ठेवली की तुमच्या जातीचा आकडा हाती येतो.

नाजूक दिवस ओळखायला लोंबी चिरावी लागत नाही. पानाचे पाते आणि देठाचा वेढा जोडतात तिथे दोन बाजूंना कोयत्यासारखे वाकलेले केसाळ ‘कान’ असतात. शेवटच्या पानाचे, म्हणजे ध्वजपानाचे, कान आणि त्याखालच्या पानाचे कान यांतले अंतर मोजा. ध्वजपानाचे कान अजून खालच्या देठात लपलेले, १० सेंटिमीटर खाली असतील (उणे १०) तेव्हा धोक्याचे दिवस सुरू होतात. दोन्ही कान एका रेषेत येतात तेव्हा धोका शिगेला पोचतो. ध्वजपानाचे कान १० सेंटिमीटर वर गेले (अधिक १०) की तो ओसरतो. लपलेले कान बोटाने चाचपून कळतात. दहा-पंधरा चुडांतला (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्यांतला) मुख्य फुटवा मोजा. एका चुडावरून ठरवू नका. सगळे फुटवे एकदम या अवस्थेत येत नाहीत. दोन दिवसांच्या थंडीत काही लोंब्या वाचतात त्या यामुळेच.

आता पाण्याची पातळी. लोंबीचा अंकुर धरल्यापासून, म्हणजे निसव्याच्या साधारण ३० दिवस आधीपासून, पाणी १० सेंटिमीटर ठेवा. या आधीच्या उबेने परागकणांची संख्या वाढते आणि पुढची थंडी काही अंशी सोसली जाते. कानांचे अंतर उणे १० ला पोचायच्या सुमारास पाणी हळूहळू १५ ते २० सेंटिमीटरवर न्या, गरज पडली तर त्याहून थोडे वर. कोवळी लोंबी या वेळी जमिनीपासून साधारण तेवढ्याच उंचीवर असते. खोड चिरून तिचे टोक कुठे आहे ते एकदा मोजा. पाणी त्याच्या वर हवे. लोंबीच्या दोन बोटे खाली असलेले पाणी फारसे उपयोगाचे नाही.

पाणी हवेपेक्षा हळू तापते आणि हळू निवते, म्हणून हवा पहाटे १३ ला उतरली तरी दिवसभर तापलेले खोल पाणी काही अंश वर राहते. अर्थात पाणी आधी भरून तापू दिलेले असले तर. गार रात्र डोक्यावर आल्यावर संध्याकाळी पाटाचे १५ अंशांचे पाणी कोंबणे म्हणजे लोंबीला गार पाण्यात बुडवणे. अंदाज येताच तीन-चार दिवस आधीपासून पहाटे थोडे थोडे भरा.

यासाठी बांध २५-३० सेंटिमीटरचे लागतात, आणि ते हंगामाआधीच घालायचे असतात. जमीन सपाट नसेल तर उंच कोपऱ्यात पाणी आठ-दहा सेंटिमीटरच राहते आणि तिथल्याच लोंब्या पोकळ निघतात. धोका सरला की पातळी पुन्हा उतरवा. खोल पाण्यात फार दिवस राहिलेली खालची पेरी लांब आणि कमजोर होतात, पीक लोळते.

नत्राचे काय? लोंबी धरताना द्यायचा हप्ता थंडीच्या अंदाजात निम्मा करा. पीक आधीच गर्द हिरवे असेल तर देऊच नका. जास्त नत्राने फुलांची संख्या वाढते पण परागकोषातले निरोगी परागकण घटतात, आणि थंडीत हीच कमतरता जीवघेणी ठरते. उबदार वर्षी थोडे उत्पन्न सोडावे लागेल, पण थंडीच्या पट्ट्यात हा व्यवहार तोट्याचा नाही.

पायरी ८ : फुलोरा आणि दाणे भरणे

फुलोऱ्यात सरासरी २०-२२ च्या खाली गेली की फुले उशिरा, दुपारी उघडतात किंवा मिटलेलीच राहतात, परागकोष फुटत नाहीत, लोंबीचा बुडखा पानाच्या वेढ्यात अडकून राहतो. इथे खोल पाण्याचा उपयोग नाही, लोंबी हवेत आहे. तारीख चुकवणे हाच इलाज. दाणे भरताना थंडी आली तर दाणा वांझ होत नाही, फक्त भरायला वेळ घेतो. हिरवे, अर्धवट, हलके दाणे वाढतात. पाणी लवकर तोडू नका आणि हिरवे दाणे दिसतात म्हणून कापणी बेसुमार लांबवूही नका. सरासरी १५ च्या आसपास उतरून तिथेच राहिली की वाट पाहून फारसे काही भरत नाही.

पायरी ९ : नुकसान मोजा आणि कारण पक्के करा

थंडीनंतर लगेच अंदाज हवा असेल तर परागाची चाचणी करा. आज-उद्या उघडतील अशी फुले निवडा, परागकोष काचपट्टीवर चिरडा आणि पोटॅशियम आयोडाइडमध्ये विरघळलेल्या एक टक्का आयोडिनचा थेंब टाका. सूक्ष्मदर्शकाखाली काळे-निळे, गोल कण निरोगी. पिवळट, आकसलेले पोकळ. सूक्ष्मदर्शक नसेल तर फूल सोलून परागकोष बघा : निरोगी कोष पिवळे आणि भरलेले, थंडीचे लहान, फिकट आणि लुळे.

निसव्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी दाणे मोजता येतात. खाचरात तिरक्या रेषेत चालत दहा चूड निवडा, प्रत्येकातली एक मध्यम लोंबी घ्या. लोंबी उजेडासमोर धरली की भरलेला दाणा अपारदर्शक दिसतो, पोकळ दाण्यातून उजेड झिरपतो. शंका असेल तिथे बोटाने दाबा. पोकळ भागिले एकूण, गुणिले १००. चांगल्या वर्षीही दहा-पंधरा टक्के पळींज असतेच, ते वजा करूनच थंडीचा हिशेब करा.

पोकळ लोंबी दिसली की थंडीच, असे धरू नका. संपूर्ण लोंबी पांढरीफटक, ताठ आणि ओढल्यावर सहज उपटून येत असेल तर खोडकिड्याचे काम. मानेजवळ तपकिरी-काळा डाग असेल तर करपा. थंडीच्या लोंबीत देठ हिरवा आणि निरोगी असतो, पोकळ दाणे भरलेल्या दाण्यांमध्ये विखुरलेले असतात आणि वजन नसल्याने लोंबी वाकत नाही. पीक पिवळे पडायच्या दिवसांतही पाने विचित्र हिरवी राहतात, कारण अन्न न्यायला दाणेच नाहीत. उष्णतेनेही वांझपणा येतो आणि तो दिसायला जवळपास असाच. तिथे तापमानाची वहीच निवाडा करते. निसव्याची तारीख धरून १०-१२ दिवस मागे जा आणि त्या आठवड्याच्या आकड्यांखाली पळींजची टक्केवारी, पाण्याची खोली आणि त्या आधी दिलेले नत्र लिहून ठेवा. खाचराचा उंच कोपरा आणि पाण्याचे तोंड यांची नोंद वेगळी करा, कारण पुढच्या हंगामात बांध कुठे वाढवायचा आणि तोंड कुठे हलवायचे ते त्याच दोन आकड्यांवरून ठरवायचे आहे.